गाविलगड कसा पाहावा?

चिखलदऱ्याला गेलेला आपल्याकडचा विद्यार्थी भीमकुंड पाहतो, फोटो काढतो आणि उरलेल्या तासाभरात गाविलगड 'उरकतो'. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला वाटते की, हा क्रम उलटा हवा. गड आधी, बाकी सारे नंतर. अशी सहल आखणाऱ्यांसाठी या काही सूचना.

आरंभ अचलपूरहून करावा. अमरावतीहून एस.टी.ने परतवाडा गाठले की अचलपूर लागूनच आहे. मूर्तिजापूरहून येणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या गाडीच्या भरवशावर आता कोणी निघू नये. १४९० च्या सुमारास फत्तेउल्ला इमादउल्मुल्काने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापली. अचलपूर ही तिची राजधानी. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. राजधानी आधी पाहिली म्हणजे तिच्या डोक्यावरचा गड कशासाठी, हे आपोआप उमगते.

गडाच्या दरवाज्यांवरील गंडभेरुंडाचे शिल्प अवश्य पाहावे. दोन तोंडांचा हा पक्षी विजयनगरच्या परंपरेतला. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडील ब्राह्मण कुळातला होता, असे फरिश्ता सांगतो. ते ध्यानात घेऊन शिल्पापुढे उभे राहावे.

त्यानंतर उत्तरेकडील तटाकडे जावे. दक्षिणेला उभे कडे, पण उत्तरेला गड पठाराशी जोडलेला. दुबळी बाजू तीच. डिसेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढीत तोफा याच बाजूला आणल्या. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला.

अकोल्याच्या मित्रांनी अकोटहून शहानूरमार्गे नरनाळा गाठावा. तेथील महाकाली दरवाज्यावर १४८७ चा शिलालेख आहे. त्याच तालुक्यांच्या टापूत अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ची लढाई तिथलीच. दोन्ही गड मेळघाटच्या जंगलात आहेत. म्हणून वनखात्याचे नियम पाळावेत, पाणी सोबत न्यावे, अंधारापूर्वी उतरावे. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

या मोहिमेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दहा वर्षांनी, १८१३ मध्ये, त्याच्याच सैन्याने स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील सान सेबास्तियन या शहराला वेढा घातला. ३१ ऑगस्टला शहर पडले, लुटले गेले आणि जळाले. आगीतून वाचलेल्या रस्त्याला '३१ ऑगस्ट' हेच नाव आहे. दर वर्षी त्या तारखेला तिथले रहिवासी घराघरांतून मेणबत्त्या लावतात. कधी त्या किनाऱ्यावर जाण्याचा योग आला, तर समुद्र पाहण्याआधी तो रस्ता पाहावा.

सेनापती एकच. तिकडे तारीख रस्त्याच्या पाटीवर आहे. इकडे आपल्या वर्गात १५ डिसेंबर किती जणांना ठाऊक आहे? ज्या दगडांवर आपली पोरे खडूने नावे लिहितात, त्यांच्या आड बेनीसिंगची माणसे लढली. तेव्हा इतिहास मंडळाने दर वर्षी १५ डिसेंबरला एक तुकडी गाविलगडावर न्यावी. वही न्यावी, शिलालेख उतरवून घ्यावेत, तटाचा नकाशा काढावा. आणि खडू मात्र वर्गातच ठेवून यावा.