तिघांचा शिधा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती जवळ आली. सप्ताहात पाचव्या दिवशी श्रीगुरुचरित्राचे 36 ते 38 अध्याय वाचतात. त्यातला 38वा म्हणजे भास्कर ब्राह्मणाची कथा. तिघांपुरता शिधा घेऊन तो गाणगापूरला आला आणि श्रीनृसिंहसरस्वतींच्या कृपेने त्यात चार हजार लोक जेवले, हे आपण सगळे जाणतोच. पण गेल्या वर्षी ऐकताना मला टोचले ते त्याआधीचे तीन महिने. रोज कुणाची ना कुणाची समाराधना असायची, भास्कराला तिथेच जेवायला बोलवायचे. त्याचं गाठोडं तसंच राहिलं, रात्री ते उशाशी घेऊन तो झोपायचा. एवढ्याशा अन्नात कुणाला काय मिळणार म्हणून लोक हसायचे. शेवटी श्रीगुरूंनीच सांगितलं, आज स्वयंपाक कर. आणखी शिधा घेऊन ये, असं नाही म्हणाले.

माझ्याही कपाटात असं गाठोडं होतं. चांदीच्या वाट्या, सासूबाईंचं लग्नातलं ताट, सगळं जुन्या साडीत बांधलेलं. "मुलं आली की काढू." मुलं बाहेरगावी, येणं होत नाही. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. तिघांसाठी कुठे पुरण घालायचं, म्हणून त्याआधीच्या जयंतीला मी वरणभात केला आणि बाड्यावरून मिठाई आणली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, जेवून लवकर झोपल्या. ते मला अजून लागतं.

गेल्या वर्षी मात्र गाठोडं सोडलं. स्वयंपाक थोडाच, पण सगळा. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ, त्यात पाच-सहा लहान पोळ्या होतात. डाळीच्या पाण्याची कटाची आमटी. पाव किलो घेवडा (आपल्या दौलतगंजात भाजीवाल्याकडे सेम म्हणून मागायचा!). 18व्या अध्यायातल्या घेवड्याच्या वेलामुळे दत्ताच्या नैवेद्याला ही भाजी हवीच. पुरण आदल्या रात्री वाटून ठेवलं की संध्याकाळी धावपळ होत नाही, कारण सूर्यास्ताला जन्म, मग पाळणा, आरती, सुंठवडा. त्यात गॅसपाशी अडकलं की आरती हुकते. माझी कितीदा हुकली आहे.

वाढताना घाई केली नाही. ताटाखाली पाण्याचं चौकोनी मंडल, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद, वरण, तूप. नैवेद्य दाखवून तिघंही एकदमच बसलो. "तुम्ही बसा, मी वाढते" हे मी त्या दिवशी बंद ठेवलं. पोळ्या डब्यात, डबा हाताशी. टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत. मुलांशी बोलणं जेवणानंतर केलं. नाहीतर जेवण फोनलाच दाखवण्यात जातं, हे माझं स्पष्ट मत.

सासूबाईंनी समोरचं ताट ओळखलं. कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अगं, आज कोण येणारे?"

"कुणी नाही आई. आपणच."

त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. वर तूपही.