रडारला चुकविणारी विनाशिका

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘मोरमुगाव’ ही विनाशिका १८ डिसेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे नाव गोव्यातील मुरगाव बंदरावरून ठेविलेले आहे. तिची लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटर व वजन सुमारे ७,४०० टन आहे. शत्रूच्या जहाजांवर व विमानांवर मारा करणारी क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्यांसाठी पाणतीर तिच्यावर आहेत.

एवढे प्रचंड जहाज शत्रूपासून लपावे कसे? रडार रेडिओलहरी सोडते. त्या जहाजावर आदळून परत आल्या म्हणजे त्याचा ठावठिकाणा कळतो. उभ्या भिंती व काटकोनी कोपरे या लहरी आल्या वाटेने परत धाडतात. म्हणून या विनाशिकेच्या भिंती तिरप्या ठेविल्या आहेत. पुष्कळशा लहरी अन्यत्र वळतात. जहाज अदृश्य होत नाही. रडारवर ते लहान भासते व उशिरा ओळखू येते. युद्धप्रसंगी एवढ्या अवधीवरही खलाशांचे प्राण अवलंबून असतात.

प्रयोग : अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत आरशावर सरळ पाडावा, नंतर आरसा तिरपा करावा. दोन्ही वेळा प्रकाश कोठे जातो, हे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे.