भूत नसलेलं भय

हॉरर म्हटलं की आमच्या विंगमध्ये रामसे बंधू आठवतात: करकरणारं दार, किंकाळी आणि मग हशा. जपानी ‘रिंगू’ (१९९८) बघताना मात्र कुणी हसलं नाही. सादाकोची ती विचित्र चाल ठाऊक आहे ना? नटीला उलटं चालायला लावून ते दृश्य उलटं दाखवलंय. हे कळल्यावरही अंगावर काटा येतोच!

पण माझी झोप उडवली सातोशी कोनच्या ‘परफेक्ट ब्लू’ने (१९९७). रूममेट म्हणाला, "कार्टून काय बघतोस रे?" अरे, ॲनिमे हे माध्यम, त्यात विनोद, खेळ, यंत्रमानव सगळं येतं, तसं भयही. यातली मीमा गाणं सोडून अभिनयाकडे वळते, आणि इंटरनेटवर कुणीतरी तिच्याच नावाने तिची रोजनिशी लिहू लागतं. भूतबित काही नाही. शूटिंग, भास, वास्तव सगळं एकाच हाताने रेखाटलेलं. डोळ्यांना फरक कळणार कसा? खऱ्या नटांच्या सिनेमात हे इतकं बेमालूम जमणं अवघड.

रूममेट शेवटपर्यंत हलला नाही. नंतर कूलरवर पाणी आणायला आम्ही दोघं मिळून गेलो.