नाताळची हस्तकामे श्रावणात आरंभावी

शास्त्रपाठ : निर्गम 35:20-29, 36:2-7, प्रेषितांची कृत्ये 9:36-41

निवासमंडपाची हकिकत वाचताना पुष्कळ वाचक बसालेल व अहलियाब या दोन कुशल कारागिरांपाशी थांबतात आणि पुढे जातात. आम्ही आज वाचकांस त्यांच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रियांकडे पाहावयास सांगतो. त्यांनी आपल्या हातांनी सूत कातले, बकऱ्यांचे केस कातले आणि ते आणून दिले. हे काम एका रात्रीचे नव्हते. इस्राएल लोक तिसऱ्या महिन्यात सीनायच्या रानात आले. मंडप उभा राहिला तो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. दिवस नेमलेला होता, आणि त्या दिवसाच्या कितीतरी आधी घराघरांत चात्या फिरू लागल्या होत्या. यापो गावच्या टबीथेचेही तसेच. ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत जी वस्त्रे पेत्रास दाखविली, ती तिने त्यांच्यामध्ये असताना शिवून ठेविलेली होती.

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू. डिसेंबराचा तिसरा आठवडा उजाडला म्हणजे कोठे तारा नाही, कोठे गव्हाणीची चित्रे मोडलेली आहेत, मुलांचे कपडे शिंप्याकडे अडकलेले आहेत, अशी धावपळ सुरू होते. मग तालुक्याच्या बाजारातून मिळेल ते, मागतील त्या भावाने आणावे लागते. हातात पैसा नसला तर उसने काढावे लागते, व त्याची फेड पुढील सुगीपर्यंत पुरते. घरातील बाई नाताळच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चुलीपाशी व सुईदोऱ्यापाशी बसते आणि सकाळी उपासनेत तिची मान कलते. मार्था पुष्कळ कामाने व्यग्र झाली होती, हे आपण दरवर्षी शिकवितो. परंतु मार्थेचे काम आधी कोणी वाटून घेतले असते तर तीही मरीयेजवळ येऊन बसली असती, हा विचार शिकविणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो.

वेळीच आरंभ करणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर मुंबईत काळाचौकीस यावे. एके काळी हा गिरण्यांचा मुलूख. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड झाली; परंतु येथील लोकांची कामाची शिस्त गेली नाही. दहा-बारा फुटांच्या खोलीत सहा-सात माणसे राहिली, रात्रपाळीचा माणूस दिवसा तेथेच निजला. अशा घरात ऐनवेळी काही करीन म्हटले तर पाय ठेवावयास जागा नसे. म्हणून येथील बायका चैत्र-वैशाखातच मिरच्या वाळवून लालबागच्या बाजारात मसाला कुटून आणीत आणि वर्षाचा डबा भरून ठेवीत. बेगमी हा शब्द खेड्यात आपणांस शिकवावा लागत नाही. पापड, कुरडया, शेवया यांची बेगमी आपण पावसापूर्वी करितो. सणाच्या हस्तकामाची बेगमी मात्र का करीत नाही, हे आम्हांस कळत नाही.

लालबाग-परळ भागात मोठ्या गणेशमूर्ती घडविणाऱ्या कार्यशाळा आहेत. त्यांची उपासना आपली नव्हे. परंतु त्यांचे वेळापत्रक आपण आदराने पाहावे. सण भाद्रपदात, आणि मोठ्या मूर्तींची तयारी उन्हाळ्यातच लागते. पेणेस तर हे काम जवळजवळ वर्षभर चालते. कारण सरळ आहे. ओली माती माणसाच्या घाईने वाळत नाही. शाडू पावसाळी हवेत सावकाश सुकतो. उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवून घाई केली तर तडकतो. ज्यांस गव्हाणीची मेंढरे, मेंढपाळ व बालक मातीची करावयाची आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. माती बारीक चाळून घ्यावी, थोडा पिंजलेला कापूस तीत मळावा म्हणजे ती धरून राहते, आणि चित्रे सावलीत वाळू द्यावीत. रंग अगदी शेवटी. बाजारी चित्रांतील मेंढपाळ परदेशी दिसतात; आपल्या मुलांनी केलेल्या मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी असेल, तर आम्हांस ते अधिक आवडेल.

ताऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तोच बहुधा विकत आणला जातो. जर्मनीत नीस्की येथे मोरेव्हियन मंडळीची मुलांची शाळा होती. तेथे 1830 नंतरच्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून कागदी तारे करविले जात, आणि तेथूनच त्या मंडळीचा प्रसिद्ध नाताळचा तारा निघाला. म्हणजे तो आरंभी शाळेचाच धडा होता! आपल्या शब्बाथशाळेसही तो जमेल. बांबूच्या 24 इंच लांबीच्या दहा कामट्या सारख्या तासून घ्याव्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून नऊ इंचांहून किंचित अधिक अंतरावर खूण करावी. पाच कामट्यांचा एक तारा असा बांधावा की खुणेवर खूण येईल आणि टोकास टोक मिळेल. मग कोनमापकाची गरज पडत नाही. तसाच दुसरा करावा. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाच टोके बांधावी, आणि आतील पाच खुणांच्या ठिकाणी सहा इंचांच्या पाच आडव्या काड्या घालून ते मध्ये फुगवावे. वर पतंगी कागद चिकटवावा, खालची एक बाजू मोकळी ठेवावी. आत विजेचा लहान दिवा सोडावा. कागदाच्या ताऱ्यात मेणबत्ती कदापि ठेवू नये.

यांत ऋतूचे भान हवे. कामट्या तासणे व सांगाडा बांधणे हे श्रावणाच्या झडीत घरात बसून करावयाचे काम होय. कागद मात्र तेव्हा लावू नये. दमट हवेत खळ आंबते व कागद लोंबतो. तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर लावावा. सांगाडे आढ्यास टांगून ठेविले म्हणजे उंदरांचे भय कमी. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून मंडळीतील एखाद्या वृद्धेस द्यावयाची असेल, तर तीही पावसाळ्यातच बसून घालावी. दररोज दोन ओळी टाके पडले तरी थंडीपूर्वी ती पुरी होते.

पत्रांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1843 साली लंडनात हेन्री कोल या गृहस्थास नाताळात आलेल्या पत्रांची उत्तरे लिहावयास सवड होईना. म्हणून त्याने चित्रकार हॉर्स्ली याजकडून एक शुभेच्छापत्र काढवून छापून घेतले. जगातील पहिले नाताळचे छापील पत्र हे असे घाईचे अपत्य आहे. ज्या मुलास श्रावणापासून दर रविवारी एक पत्र रंगविण्यास सांगितले, त्याजवळ नाताळापर्यंत पंधराहून अधिक होतील, आणि ती सर्व त्याच्या हातची असतील.

येथे उपदेशक बंधूंस एक सूचना. काम वाटा, पण वाढवू नका. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात लोक इतके आणू लागले की मोशेस दवंडी पिटवून त्यांस थांबवावे लागले. जेवढे हवे तेवढे झाले की पुरे. शेजारच्या मंडळीचा तारा सहा फुटांचा आहे म्हणून आपला आठ फुटांचा, ही चढाओढ आरंभली तर श्रावणात सुरू करूनही डिसेंबरात तीच धांदल उरेल. हांबुर्ग येथे 1839 साली योहान विखर्न यांनी आपल्या आश्रमातील गरीब मुलांस नाताळचे दिवस मोजता यावे म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लाविल्या: रविवारांसाठी मोठ्या, इतर दिवसांसाठी लहान. बैलगाडीचे जुने लाकडी चाक अजूनही काही वाड्यांत भिंतीशी टेकलेले सापडते. त्याहून अधिक खर्चाची आरास आम्ही कोणत्याही लहान मंडळीस सुचविणार नाही.

शेवटी ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयी. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपल्या अनेकांस दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघावे लागते, आणि नाताळ त्यांस कारखान्याच्या कोपींत येतो. गावी तयारी डिसेंबरात होत असल्यामुळे तिच्यातले काहीही त्यांच्या वाट्यास येत नाही. हीच तयारी आधी झाली तर त्यांच्या बोचक्यात एक लहान ताऱ्याचा सांगाडा, घडी केलेला पतंगी कागद व मुलांनी रंगविलेली दोन पत्रे बांधून देता येतील. उपदेशकांनी भाद्रपद संपण्यापूर्वी अशा कुटुंबांची यादी करावी, आणि प्रत्येक कुटुंबासाठी कोण काय करणार हे तिच्यात समोरासमोर लिहावे.