श्वानांचा नेत्रविकार आणि उपकारक सूक्ष्मजीव

पाळीव कुत्र्याच्या डोळ्यांत चिपडे साचू लागली की धूळ किंवा जंतू हेच त्याचे कारण असावे, असा सर्वसाधारण समज असतो. सिल्वासा येथील टोकरखाड्यासारख्या नागरी वस्तीत असो वा खेड्यात, अशा वेळी घरात उरलेले माणसांचे औषध त्या डोळ्यांत घालण्याचा मोह होतो. तो टाळणे अत्यावश्यक आहे.

वारंवार चिकट स्राव येण्यामागे पुष्कळदा ‘शुष्कनेत्र’ हा विकार असतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटते व अश्रू आटतात. बुबुळ निस्तेज होते, त्यावर काळपट थर चढतो आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. कॉकर स्पॅनियल, ल्हासा अप्सो, बुलडॉग या जातींत हा विकार विशेषेकरून आढळतो.

निरोगी श्वानाच्या डोळ्यांतही सूक्ष्मजीवांची वस्ती असते. आतड्यांतील सूक्ष्मजीव तर प्रतिकारशक्तीला वळण लावण्याचे कार्य करतात. त्यांचा समतोल सुधारून शुष्कनेत्र आटोक्यात आणता येईल काय, या दिशेने संशोधन चालू आहे. तथापि हा उपचार अद्याप सर्वमान्य झालेला नाही. म्हणून उपकारक जंतू असलेले दही अथवा तत्सम पदार्थ डोळ्यांत मुळीच घालू नयेत.

निदानाची रीत सोपी आहे. खालच्या पापणीत शोषकागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजल्यास अश्रू पुरेसे समजावेत. १० मिलिमीटरहून कमी भिजल्यास शुष्कनेत्राचा दाट संशय घ्यावा. बुबुळावरील जखम रंगद्रव्याच्या थेंबाने हिरवी दिसते. अशा जखमेवर स्टेरॉइडयुक्त थेंब पडल्यास बुबुळाला छिद्र पडण्याचा धोका संभवतो.

आजचे प्रमुख औषध सायक्लोस्पोरिन हीदेखील सूक्ष्मजीवसृष्टीचीच देणगी होय. नॉर्वेतील मातीत आढळलेल्या बुरशीपासून ते प्राप्त झाले. श्वानांच्या डोळ्यांसाठी त्याच्या मलमास १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उपचार बहुधा आजन्म चालू ठेवावा लागतो.

डोळा अकस्मात मिटलेला राहिल्यास किंवा बुबुळावर फूल दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. गुंतागुंतीच्या विकारात त्यांच्या सल्ल्याने, १८८६ साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेत तपासणी करून घ्यावी. मुक्या प्राण्याला आपली वेदना सांगता येत नाही. ती वेळीच ओळखणे हे पालकाचे कर्तव्य आहे.