कढई कोणती, ते आधी विचारा

थीम पार्कला निघालेल्या माळकरी घराला मी एकच सांगते: तिकीट काढण्याआधी जेवणाची चौकशी करा, आणि ‘व्हेज मिळतं का’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. आपल्याकडे ते कुठंही मिळतं. कोणत्या तेलात तळतात, कोणत्या तव्यावर भाजतात, कोणत्या चिमट्यानं वाढतात, हे विचारायचं असतं.

मी करमाडची. शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनचं काम बघते. आमच्या भावकीतली मंडळी सुट्टीत एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो; नाव लिहीत नाही. सोबत आत्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा वर्ज्य. गेटवर पिशव्या तपासल्या आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा सगळं बाहेर राहिलं. दुपारी रेस्टॉरंटच्या रांगेत उभं राहून बोर्डावर हिरवा ठिपका बघून फ्रेंच फ्राइज आणि आलू टिक्की बर्गर घेतले. आत्यांनी चार-दोन फ्राइज खाल्ल्या असतील. मी सॉस आणायला काउंटरला गेले, तर काचेपलीकडे एक पोरगा जाळी तेलातून वर उचलून चिकनचे तुकडे निथळवत होता. ते ट्रेमध्ये उलटे केले आणि तीच जाळी, त्याच तेलात, फ्राइज भरून पुन्हा सोडली.

विचारलं, तर म्हणाला, “ताई, फ्रायर एकच आहे. पण फ्राइज व्हेजच आहेत.” तो खोटं बोलत नव्हता. बटाटा व्हेजच होता.

आत्यांपासून हे लपवणं मला जमलं नसतं. सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं, उठून चूळ भरली आणि म्हणाल्या, “राहू दे माय, मला भूक नाही.” संध्याकाळपर्यंत त्या पाण्यावर राहिल्या, तेही उन्हात. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. आयुष्यभर सांभाळलेला नेम असा दुसऱ्याच्या हातून मोडला जावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे का होतं, ते स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला कळतं. पार्कातली सगळी गर्दी दुपारच्या दीड-दोन तासांत जेवायला येते. जागा कमी, माणसं हंगामी, आणि पदार्थ बहुतेक फ्रीझरमधून थेट तेलात जाणारे. अशा वेळी दोन फ्रायर वेगळे ठेवायचे तर ते आधीच ठरवून ठेवावं लागतं; ऐन गर्दीत कुणी वेगळं काढत नाही. आमच्याकडे हिरव्या मुठीची जाळी आणि लाल मुठीची जाळी अशी फोड आहे, आणि लाल जाळी हिरव्या बाजूला दिसली तर तेल बदललं जातं. हे काही अवघड काम नाही. म्हणूनच ज्या ठिकाणी हजारो रुपयांचं तिकीट असतं, तिथं एवढी अपेक्षा ठेवण्यात काही चूक नाही.

हिरव्या खुणेचा अर्थही नीट समजून घ्या. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अंडं मांसाहारात धरलं आहे. दूध आणि मध शाकाहारात. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, 2020 च्या लेबलच्या नियमांत तिथं तपकिरी त्रिकोण आला, म्हणजे ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांनाही फरक कळावा. पण ही खूण पदार्थात काय घातलं आहे ते सांगते. कढईचं काही सांगत नाही. ते तोंडानंच विचारावं लागतं, आणि काउंटरवरच्या पोराला नव्हे, किचनच्या सुपरवायझरला. बाराच्या आत विचारा, तेव्हा तो बोलायला मोकळा असतो. मेयोनीज बिनअंड्याचं आहे का, सूपला चिकनचं पाणी वापरता का, पिझ्झा कापायची सुरी वेगळी आहे का, असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं येतं. समाधान झालं नाही तर तळलेलं, भाजलेलं सोडून द्या. इडली, वरण-भात, दही, सालासकट फळं यावर एक दुपार निभते. पूर्ण शाकाहारी काउंटर असेल तर चालणं जास्त पडलं तरी तिथंच जा.

डब्यावरून गेटवर वाद घालू नका. सिनेमागृहांबाबत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क मालकाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आणू द्यायला हवं. पार्कवालेही आपल्या नियमांवर असेच ठाम असतात. त्यापेक्षा आधी ई-मेल करून वृद्धांच्या पथ्याचं विचारा आणि आलेलं उत्तर मोबाइलमध्ये ठेवा. हातावर शिक्का मारून पुन्हा आत सोडतात का, तेही विचारा. सोडत असतील तर दशम्या गाडीत ठेवून दुपारी पार्किंगमध्ये जेवता येतं.

आपल्याकडून समृद्धी महामार्गानं शिर्डीच्या वॉटर पार्कला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना तर साईबाबा संस्थानचं प्रसादालय जवळच आहे. 2009 पासून तिथं 73 तबकड्यांच्या सौर यंत्रणेच्या वाफेवर स्वयंपाक होतो. माळकऱ्यानं निर्धास्त बसावं अशी ती पंगत आहे. पाण्यात उतरण्याआधी किंवा बाहेर आल्यावर तिथंच जेवा.

लेक-जावयाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथं अंडं शाकाहारात धरतात. मॅकडोनाल्डच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्यावरून 2001 मध्ये तिथल्या हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी खटला भरला होता. पुढच्या वर्षी कंपनीनं माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत 2019 पासून मेनूवर हिरव्या पानाची खूण येऊ लागली. त्या पदार्थात मांस, अंडं, दूध, मध काहीच नसतं. तरी तेलाचं तिथंही विचारायचंच.

फसवणूक झाली तर बिल फेकू नका. त्यावर 14 आकडी परवाना क्रमांक असणं 2022 पासून बंधनकारक आहे. तो घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मांसाहारी पदार्थ हिरव्या खुणेखाली विकला असेल तर जरूर करा. पुढच्या माणसाची माळ त्यामुळे वाचेल.

आणि तारीख धरण्याआधी पंचांग बघा. महिन्याला दोन एकादश्या येतात, ऑनलाइन तिकिटाचे पैसे बहुतेक परत मिळत नाहीत, आणि साबुदाण्याची खिचडी असल्या ठिकाणी क्वचितच मिळते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी दिवाळी झाल्यावर, कार्तिकी एकादशीनंतरची तारीख घ्यावी; तेव्हा ऊनही उतरलेलं असतं.