मोटारीच्या संगणकातील नोंदी : अर्थ आणि उपयोग

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका घाटात ओढेनाशी झाली आणि चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, अशी कल्पना करावी. गाडी तालुक्याच्या गॅरेजमध्ये जाते. तेथे एक लहानसे उपकरण जोडले जाते, पडद्यावर एक संकेतांक उमटतो, एक महागडा भाग बदलला जातो, दिवा विझतो आणि देयक कार्यालयात सादर होते. आठवड्याभरात त्याच घाटात तोच दिवा पुन्हा लागतो. गाडीच्या संगणकाने आपले काम चोख केलेले असते. मात्र त्याने लिहून ठेवलेली नोंद पूर्णपणे वाचलेली नसते आणि दिवा विझवताना ती पुसलीही गेलेली असते.

शासकीय कार्यालये, पंचायत समित्या, शाळा व आरोग्य केंद्रे यांच्या ताब्यात आज अशा संगणकयुक्त गाड्या आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. म्हणून या नोंदी म्हणजे काय, त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे देयक मंजूर करणाऱ्यालाही माहीत असणे इष्ट होय.

व्यवस्थेचा उगम

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात डोळे चुरचुरविणारे धुरके पसरू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचे कारण दाखवून दिले. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात परस्परांवर क्रिया होऊन हे धुरके तयार होत होते. पुढे १९६७ मध्ये त्या राज्यात हवा संसाधन मंडळाची स्थापना झाली आणि मोटारींच्या धुरावर मर्यादा घालण्यात आल्या.

नवी गाडी या मर्यादा पाळते. परंतु काही वर्षांनी तिची धूर-नियंत्रक साधने निकामी झाली, तर ते मालकाला समजावे कसे, हा प्रश्न उरलाच. गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी, हे त्यावरील उत्तर होय. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून ही सोय लागू होऊ लागली. १९९६ च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत मोटारी व हलके ट्रक यांसाठी एकाच आकाराची जोडणी आणि एकसारखे संकेतांक अनिवार्य झाले. युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ मध्ये हा नियम लागला. भारतात भारत स्टेज चारच्या गाड्यांबरोबर ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांनी ती अधिक काटेकोर केली.

या उगमातून एक बोध घ्यावयास हवा. पिवळा दिवा मुख्यतः धुराशी संबंधित बिघाडांची सूचना देतो. झिजलेले टायर किंवा स्टिअरिंगचे सैल झालेले सांधे यांविषयी तो काहीही सांगत नाही. दिवा लागलेला नाही म्हणून गाडी सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

नोंद कशी होते

इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसविलेले असतात. हवेचे प्रमाण, पाण्याचे तापमान, इंधनाचा दाब, धुरातील ऑक्सिजन अशी मोजमापे ते संगणकाकडे सतत पाठवितात. एखादे माप ठरावीक मर्यादेबाहेर गेले, की संगणक त्याची दखल घेतो. मात्र बऱ्याचशा दोषांच्या बाबतीत तो पहिल्याच वेळी दिवा लावीत नाही. दोष ‘प्रलंबित’ म्हणून टिपून ठेवतो. पुढील फेरीतही तोच दोष आढळल्यास नोंद पक्की होते व दिवा लागतो. त्यानंतर सामान्यतः लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या, तर दिवा आपोआप विझतो. परंतु नोंद मात्र इंजिन थंड स्थितीतून तापण्याची सुमारे चाळीस आवर्तने होईपर्यंत स्मृतीत राहते. म्हणूनच दिवा विझलेल्या गाडीतही उपयुक्त माहिती सापडू शकते.

पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकू लागला, तर मात्र विलंब करू नये. सिलिंडरात न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचून तो भाग अतितप्त होत असल्याचा तो इशारा असतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर थांबविणे हिताचे असते.

संकेतांकाची फोड

नोंद वाचण्यासाठी स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा टोकांची एक जोडणी असते. तीत वाचक-उपकरण लावून किल्ली फिरविली, की संकेतांक दिसतो. तो एक अक्षर व चार चिन्हे मिळून बनलेला असतो. उदाहरणार्थ, ‘पी ०३०१’. यातील ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांची यंत्रणा; ‘बी’ हे अक्षर गाडीच्या सांगाड्यासाठी व अंतर्भागासाठी, ‘सी’ हे ब्रेक व चाकांच्या यंत्रणेसाठी आणि ‘यू’ हे निरनिराळ्या संगणकांमधील संपर्कासाठी वापरतात. पुढील शून्य म्हणजे हा संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे. त्या जागी एक असल्यास तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. तीन हा अंक प्रज्वलनाचा विभाग दाखवितो आणि शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. ‘पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही’ इतकाच याचा अर्थ.

ते का पेटत नाही, हे संकेतांक सांगत नाही. स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा गळणारा व्हॉल्व्ह यांपैकी काहीही कारण असू शकेल. संकेतांक लक्षण सांगतो, रोग नव्हे. ताप आहे एवढ्यावरून डॉक्टर शस्त्रक्रिया करीत नाहीत. तद्वत केवळ संकेतांकावरून भाग बदलणे योग्य नाही.

त्या क्षणाचे चित्र

संकेतांकाबरोबरच संगणक आणखी एक मोलाची गोष्ट जपून ठेवतो. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरील भार, पाण्याचे तापमान इत्यादी किती होते, याचे ते चित्र असते. याला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. अपघातस्थळीचा पंचनामा जसा, तसेच याचे महत्त्व.

आरंभीच्या डिझेल रुग्णवाहिकेत ‘पी ००८७’ हा संकेतांक मिळाला असे मानू. इंधनाचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, असा त्याचा अर्थ. एवढे वाचून उच्च दाबाचा पंप बदलण्याचा मोह होतो. परंतु फ्रीज फ्रेममध्ये फेरे मिनिटाला २,८००, भार ९२ टक्के आणि वेग ताशी ४५ किलोमीटर असे आकडे दिसले, तर गाडी चढावर पूर्ण जोराने ओढत होती, हे उघड होते. इंधनाची गरज सर्वाधिक असतानाच दाब घटत असेल, तर प्रथम डिझेल फिल्टर तुंबला आहे काय आणि टाकीपासूनची नळी दबली आहे काय, हे पाहावे. स्वस्त व सोप्या तपासण्या आधी आणि पंप नंतर, हा क्रम त्या आकड्यांनीच सुचविलेला असतो.

वर्गात सांगण्याजोगे गणित

विज्ञान व गणिताच्या शिक्षकांना येथे एक चांगला पाठ मिळू शकेल. संगणक पाण्याचे तापमान ० ते २५५ या एका संख्येत पाठवितो. तीतून ४० वजा केले, की सेल्सिअस अंश मिळतात. संख्या १२३ असेल, तर तापमान ८३ अंश. इंजिनाच्या फेऱ्यांसाठी दोन संख्या येतात. पहिलीला २५६ ने गुणून दुसरी मिळवावी व येणाऱ्या बेरजेस चाराने भागावे. ११ आणि १८४ या संख्या आल्यास २,८१६ अधिक १८४ म्हणजे ३,००० आणि चाराने भागून मिनिटाला ७५० फेरे, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाची नेहमीची गती.

आता विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पडद्यावर पाण्याचे तापमान उणे ४० अंश दिसले, तर काय समजावे? संख्या शून्य आली आहे. या सेन्सरचा विद्युत्-रोध थंडीत वाढतो; तार तुटली किंवा जोड सुटला, की रोध अमर्याद होतो आणि संगणकाला ती कडाक्याची थंडी वाटते. येथे सेन्सर बदलण्यापूर्वी तार पाहावी, हे विद्यार्थ्यालाही पटेल.

पुसण्यापूर्वी

वाचक-उपकरणाने नोंदी पुसताही येतात. पुसताना संकेतांकाबरोबर फ्रीज फ्रेमही जाते आणि गाडीने पूर्ण केलेल्या आत्मपरीक्षणांचे निकालही ‘अपूर्ण’ होतात. बऱ्याच गाड्यांत बॅटरीची तार काढल्यानेही हेच घडते. दिवा विझतो, दोष तसाच राहतो. मात्र पुसण्याचाही माग उरतो. अनेक गाड्यांचा संगणक नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे सांगतो. जुनी गाडी खरेदी करताना किंवा भाड्याने घेताना हे अंतर अवघे दहा-वीस किलोमीटर आणि आत्मपरीक्षणे अपूर्ण असे आढळले, तर नोंदी नुकत्याच का पुसल्या, याची विचारणा अवश्य करावी.

कार्यालयांनी काय करावे

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गाडीच्या नोंदवहीत चार गोष्टी लिहिण्याचा प्रघात पाडावा : दुरुस्तीपूर्वीचा संकेतांक, फ्रीज फ्रेममधील आकडे, कारागिराने प्रत्यक्ष केलेली तपासणी आणि दुरुस्तीनंतर गाडी चालवून केलेले पुनर्वाचन. दिवा केव्हा, कोणत्या रस्त्यावर व कोणत्या वेगाला लागला, हे चालकाने त्याच दिवशी टिपून ठेवावे. देयकासोबत ही नोंद जोडली गेली, तर प्रामाणिक कारागिराच्या कामाला पुरावा मिळेल आणि अनावश्यक भाग बदलण्यास आपोआप आळा बसेल.

गाडीने लिहून ठेवलेली साक्ष पुसण्यापूर्वी वाचणे, हा त्यातील पहिला नियम होय. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन घाट चढणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो पाळणे सर्वांत अगत्याचे आहे.